हिमोग्लोबिन वाढलं, पाय मात्र खचले : करवीरमधल्या एका माळकरी मावशींचं प्रकरण

रुग्ण : ६१ वर्षांच्या मावशी. करवीर तालुक्यातलं एक गाव, घरची शेती, गोठ्यात दोन म्हशी. मधुमेह ११ वर्षांपासून. तिशीत तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मटण, मासे, अंडी सगळं बंद. मुख्य तक्रार : दोन्ही पायांना मुंग्या, चालताना झोक जाणे, गेल्या दोन महिन्यांत घरातल्या घरात दोनदा पडणे. सोबत आणलेलं निदान : ‘शुगरमुळं नसा खराब झाल्यात, आता असंच चालायचं.’

मावशींच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रकरण दुर्मीळ नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर मांडावंसं वाटलं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या जिल्ह्यात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता कुणाच्या चटकन मनात येत नाही. ‘कोल्हापूरकर म्हणजे मटण खाणारा’ हे डॉक्टरांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण याच जिल्ह्यात माळकऱ्यांची घरं आहेत, हातकणंगले-शिरोळकडं जैन समाज मोठा आहे, लिंगायत आहेत, आणि ज्या घरात बुधवार-रविवार मटण शिजतं त्याच घरात वेगळ्या भांड्यात जेवणारी एखादी आजी असते. मावशींचं घर तसंच. मुलं खातात, नातवंडं खातात. मावशी आणि धाकटी सून खात नाहीत.

तक्रार कशी सुरू झाली

सुरुवात पायांपासून झाली असं घरचे सांगत होते. नीट विचारल्यावर कळलं की सुरुवात तोंडापासून झाली होती. साधारण दीड वर्षापूर्वी मावशींनी चटणी सोडली. चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची, भाकरीबरोबर तेल घालून खातात ती. कोल्हापूरच्या बाईनं चटणी सोडावी हे घरच्यांना चमत्कारिक वाटलं, पण त्यांनी त्याचा अर्थ ‘पित्त वाढलंय’ असा लावला. पित्तावर रोज सकाळी पँटोप्राझोलची गोळी सुरू झाली, ती माझ्याकडं येईपर्यंत सुरूच होती. खरं दुखणं जिभेचं होतं. मी पाहिली तेव्हा जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होती, वरचा खरखरीतपणा कडेनं पार गेलेला. अशा जिभेला ताकसुद्धा झोंबतं.

मग मुंग्या आल्या. आधी पायाच्या बोटांना, मग घोट्यापर्यंत, पुढं हाताच्या बोटांनाही. मावशींच्या शब्दांत : “जमीनच लागत न्हाई बगा पायाला. गादीवर चालल्यागत हुतंय.” चप्पल पायातून निसटायची आणि चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं. हे मधुमेहातही होतं, त्यामुळं आधीच्या डॉक्टरांनी मधुमेहाला धरून निदान केलं यात नवल नाही.

मला थबकायला लावलं ते पुढच्या वाक्यानं. त्या म्हणाल्या, “सकाळी तोंडावर पाणी मारताना झोक जातोय. भिंतीला धरल्याबिगर तोंड धुवाय येत न्हाई.” तोंडावर पाणी मारताना माणूस डोळे मिटतो. आपला पाय कुठं आहे, गुडघा किती वाकला आहे, ही खबर पाठीच्या कण्यातल्या मागच्या बाजूच्या तंतूंमधून मेंदूकडं जाते. ती खबर पोहोचेनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या आधारानं उभा राहतो, आणि डोळे मिटले की कलतो. त्या दोनदा पडल्या त्याही रात्री, दिवा न लावता परसात जाताना. ही तक्रार विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाही, कारण तिला ती आजाराची वाटतच नाही. मी आता पायाच्या मुंग्या घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तोंड धुण्याबद्दल विचारते.

घरच्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, थोडी बिचकत. मावशी चिडचिड्या झाल्या होत्या. हिशेबाला पक्क्या असलेल्या बाईला डेअरीचं बिल जुळवता येईना. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं होतं.

तपासणी

ट्यूनिंग फोर्क, म्हणजे १२८ हर्ट्झचा कंपन काटा, ठोकून पायाच्या अंगठ्यावर ठेवला. काही कळत नव्हतं. घोट्याच्या हाडावर नाही, नडगीवर नाही, गुडघ्यावर ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “आता कायतरी गुरगुरतंय.” डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली हलवला आणि ‘वर की खाली?’ विचारलं, तर अर्ध्याअधिक वेळा उत्तर चुकलं. पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, आणि त्यांना सावरायला मला आणि नर्सला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

हातोडीनं घोट्याचा झटका आला नाही. गुडघ्याचा मात्र जोरात आला. तळपाय कडेनं ओरखडल्यावर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उचलला गेला. मधुमेहानं खराब होतात त्या पायातल्या, टोकाकडच्या नसा, आणि त्यात झटके मंदावतात. जोरात येणारा झटका आणि वर जाणारा अंगठा म्हणजे बिघाड वर कण्यातही आहे. नसा आणि कणा दोन्ही एकाच वेळी बिघडलेले असतील तर ज्या थोड्या गोष्टी आठवाव्यात त्यात बी-१२ सर्वांत वर येतं. हाताच्या बोटांच्या पेरांवरची त्वचाही काळपट झाली होती. शेतात राबणाऱ्या हातांवर ते पटकन डोळ्यांत भरत नाही, पण बी-१२ कमी असलेल्या आपल्याकडच्या रुग्णांत हे वारंवार दिसतं.

पिशवीतला कागद

मावशींच्या मुलानं सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवले होते. आठ महिन्यांपूर्वीचा एक रक्ताचा रिपोर्ट त्यात होता. हिमोग्लोबिन ८.२. तो आकडा पेनानं गोल केलेला. त्याच्या खाली तीन ओळी सोडून एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार : ११४. समोर छापलेलं प्रमाण ८० ते १००. त्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हा हिशेब आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत बहुतेकदा बरोबर येतो. पण लोह कमी पडलं तर लाल पेशी लहान होतात. ११४ म्हणजे पेशी मोठ्या झालेल्या. पेशी मोठ्या होण्याचं आपल्याकडचं ठळक कारण बी-१२ किंवा फोलेट, म्हणजे बी-९, यांची कमतरता. पेशी वाढते, पण डीएनए वेळेवर तयार होत नसल्यानं तिचं विभाजन रखडतं. हा एक आकडा पाहून बी-१२ची तपासणी लिहिली असती तर पुढचे आठ महिने वाचले असते.

त्याऐवजी एका दवाखान्यात मावशींना लोहाची गोळी आणि ५ मिलिग्रॅमची फोलिक ॲसिडची गोळी रोज सुरू झाली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर गेलं. सगळे खूश. मावशींना दमही कमी लागायला लागला. आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत मुंग्या घोट्यावरून गुडघ्याकडं सरकल्या. औषध लागू पडलंय म्हणून कुणी थांबवलं नाही, आणि पाय बिघडतायत त्याचा संबंध कुणी औषधाशी लावला नाही.

आमच्याकडच्या तपासण्या अशा आल्या : हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही ९८ (म्हणजे आता ‘नॉर्मल’), फेरिटिन (लोहाचा साठा) ठीक, थायरॉइड ठीक, किडनी ठीक, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.३ टक्के. बी-१२ : ९६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, २०० च्या खाली कमतरता धरतात. होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारं अमिनो आम्ल) ४८, जे १५ पर्यंत असावं. एमआरआयमध्ये मानेपासून पाठीपर्यंत कण्याच्या मागच्या भागात पांढरट पट्टा. निदान पक्कं झालं : बी-१२च्या अभावानं मज्जारज्जूचा ऱ्हास.

एक गोष्ट सहकाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. रक्त घेतल्यावरच इंजेक्शन द्यावं. आपल्याकडं मुंग्या म्हटलं की त्याच दिवशी ‘लाल इंजेक्शन’, म्हणजे बी-१२च, टोचतात आणि मग आठवड्यानं तपासणी होते. त्या वेळी रक्तातलं बी-१२ भरपूर दिसतं, आणि ‘बी-१२ तर नॉर्मल आहे’ असं म्हणून खरं कारण कायमचं बाजूला पडतं.

एकानं दुसऱ्याला कसं झाकलं

शरीरात बी-१२ला कामं दोनच, पण दोन्ही मोक्याची. पहिलं काम फोलेटच्या जोडीनं चालतं : होमोसिस्टीनचं मेथिओनिन करताना बी-१२ फोलेटला मोकळं करतं, आणि ते मोकळं फोलेट डीएनए घडवायला लागतं. बी-१२ नसेल तर फोलेट शरीरात असूनही अडकून पडतं. दुसऱ्या कामात काही मेदाम्लांचं आणि अमिनो आम्लांचं ज्वलन पूर्ण होतं. तिथं फोलेटचा काही संबंध नाही. नसांवरचं मायलिनचं वेष्टन शाबूत राहायला ही बी-१२ची कामगिरी लागते.

बाहेरून फोलिक ॲसिडचा मोठा डोस दिला की पहिली अडचण बाजूनं पार होते. डीएनएला हवं ते फोलेट मिळतं, हाडांच्या मज्जेत रक्तपेशी बनायला लागतात, हिमोग्लोबिन चढतं, एमसीव्ही उतरतो. नसांच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. रक्तातली जी खूण पाहून बी-१२ आठवलं असतं, ती खूणच पुसली जाते.

हे वैद्यकाला नवं नाही. मुंबईशी जोडलेला एक धागा यात आहे. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली होती. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये मोठ्या पेशींचा जो रक्तक्षय दिसायचा, त्याचा तिनं अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. अमेरिकेत १९४०च्या दशकात फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व आपल्याच येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केलं. ते हाती आल्यावर ‘पर्निशस ॲनिमिया’च्या, म्हणजे बी-१२ शोषलंच न गेल्यानं होणाऱ्या रक्तक्षयाच्या, रुग्णांनाही देण्यात आलं. रक्त सुधारलं आणि काहींचे पाय गेले. बी-१२ वेगळं काढण्यात यश आलं ते १९४८ मध्ये. त्याआधी १९२६ पासून या रुग्णांना रोज मोठ्या प्रमाणात कलेजी खायला लावत, आणि तेवढ्यानं माणसं वाचत. म्हणजे फोलिक ॲसिड रक्त भरून काढतं पण नसा वाचवत नाही, हे कळून पाऊणशे वर्षं झाली, आणि तरी करवीरमध्ये २०२०च्या दशकात हे घडलं.

गरोदर बाईला फोलिक ॲसिड द्यायलाच हवं. गर्भाच्या मणक्याचे आणि मेंदूचे बरेचसे जन्मदोष त्यानं टळतात. लोह-फोलिकच्या सरकारी गोळीत फोलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे मावशींना मिळत होतं त्याचा दहावा भाग. ती गोळी कुणी या लेखावरून बंद करू नये. प्रश्न आहे तो उतारवयातल्या शाकाहारी माणसाला, बी-१२ न तपासता, महिनोन्महिने ५ मिलिग्रॅम देण्याचा.

बी-१२ गेलं कुठं

मावशींचं खाणं दोन दिवसांचं तासातासानं लिहून घेतलं. सकाळी चहा. न्याहारीला रात्रीची भाकरी आणि दूध नसेल तर चहाच. दुपारी ज्वारीची भाकरी, पोकळा किंवा मेथीची भाजी, आमटी, थोडा भात. संध्याकाळी चहा. रात्री भाकरी, अख्खा मसूर किंवा पिठलं, भात. एकादशीला आणि गुरुवारी शाबू. पोकळा, मेथी, मसूर यांत फोलेट भरपूर; मावशींना फोलेटची उणीव कधीच नसावी. बी-१२ या संपूर्ण ताटात कुठंच नाही. वनस्पती ते तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते करतात सूक्ष्मजीव, आणि आपल्यापर्यंत ते प्राण्यांच्या मांसातून, अंड्यातून, दुधातून पोहोचतं. मोड आलेली मटकी, इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) यांवर भिस्त ठेवता येत नाही. स्पिरुलिनातलं बरंचसं बी-१२ माणसाच्या शरीराला न चालणाऱ्या रूपातलं असतं.

म्हणजे शाकाहाऱ्याला आधार एकच, दूध. आणि दुधाच्या या जिल्ह्यात, दोन म्हशींच्या घरात, मावशींच्या पोटात दूध जात होतं ते चहापुरतं. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं. फॅट लागते, बिल येतं, त्यावर घर चालतं. मागं ठेवलेल्या लिटरभरात नातवंडांचा ग्लास आधी, मग मुलाचा, मग सगळ्यांचा चहा. ताक झालं तर वाटीभर. शंभर मिलिलिटर दुधात बी-१२ अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर असतं, आणि चहात ते उकळलं की त्यातलंही काही जातं. दिवसाची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. म्हशीला वैरण घालणारी, धार काढणारी, किटली भरून देणारी बाई, आणि दुधावाचून उपाशी राहिलेली तीच. हे लिहिताना राग येतो, आणि तो यावा असं मला वाटतं.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानांकडं बोट दाखवून मुलानं विचारलं, तसं कच्चं दूध द्यावं का? नको म्हटलं. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) आणि क्षयाची भीती त्यात आहे. एकदाच उकळी आणून उतरवलेलं दूध आणि त्याचं दही पुरे. पुन्हा पुन्हा उकळू नये, इतकंच.

पण आहार एकटा दोषी नव्हता. शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२चा दोन-पाच मिलिग्रॅमचा साठा असतो, तो बरीच वर्षं पुरतो. माळ घालून तीस वर्षं त्या ठणठणीत होत्या. मधुमेहासाठी त्या ११ वर्षं मेटफॉर्मिन घेत होत्या, दिवसाला २ ग्रॅम. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात बी-१२ शोषलं जातं, त्यात मेटफॉर्मिन अडथळा आणतं. हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. जितकी वर्षं आणि जितका डोस जास्त तितका धोका जास्त. वर पित्ताची गोळी. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पँटोप्राझोल नेमकं तेच आम्ल बंद करतं. जिभेची आग हे बी-१२च्या कमतरतेचं लक्षण; त्यावर दिलेल्या गोळीनं उरलंसुरलं शोषणही घटवलं. मधुमेहाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास मेटफॉर्मिन, माळ आणि पँटोप्राझोल एकत्र आले, आणि साठा संपला.

रेशनच्या तांदळाचीही एक गोष्ट यात आहे. पोषणमूल्यवर्धित तांदळात शंभर दाण्यांमागं साधारण एक दाणा वेगळा असतो, लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तांदळाच्याच पिठाचा केलेला. मावशी तो निवडून टाकत होत्या. “प्लॅष्टिकचा तांदूळ मिसळत्यात,” असं गावात सगळेच म्हणतात. मी त्यांच्यासमोर तो दाणा पाण्यात भिजवून बोटानं चुरगळून दाखवला, पिठासारखा विरघळला. ठरलेल्या प्रमाणाप्रमाणं किलोमागं बी-१२ मिळतं ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. वाटीभर भातातून अगदी थोडंच. त्यावर मावशींचा आजार टळला असता असं मी म्हणणार नाही, पण तो दाणा फेकायचं कारण नव्हतं.

माळेचा प्रश्न

निदान सांगितल्यावर खोलीत पहिलं वाक्य मुलाचं आलं : “आई, आता अंडं तरी खाल्लंच पायजे.” आधीच्या कुणीतरी मटणाचं सूप प्यायला सांगितलं होतं. मावशींनी तेव्हा मान हलवली होती आणि घरी येऊन ते केलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या दवाखान्यात जायलाच टाळत होत्या. माळ उतरवून ठेवायची, औषध म्हणून खायचं, मग परत घालायची, असा सल्लाही नात्यातल्या कुणी दिला होता. त्या माझ्याकडं पाहत म्हणाल्या, “पाय गेलं तर गेलं, पर ह्यो वयात माळ न्हाई तोडायची.”

त्यांना निवड करायलाच लावू नये, असं माझं ठाम मत आहे. बाजारात मिळणारं बी-१२ मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून, आंबवून काढतात. त्यात मांस नाही, रक्त नाही. इंजेक्शनचा लाल रंग त्या रेणूचा स्वतःचा आहे, मध्यभागी कोबाल्ट धातू असलेल्या रेणूचा. मी हे सावकाश सांगितलं, आणि एक सावधगिरीही सांगितली : बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात, तेव्हा कॅप्सूल न घेता गोळी घ्यायची. ही गोष्ट त्यांना आजवर कुणीच सांगितली नव्हती. मधल्या काळात त्यांनी ‘ताकदीच्या’ म्हणून जेली कॅप्सूल महिनाभर खाल्ल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं. पण माझ्यावरचा विश्वास बसला तोही तिथंच, असं मला वाटतं.

उपचार

बी-१२चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत, एक दिवसाआड, तीन आठवडे. मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. गावातल्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी पुढची इंजेक्शनं दिली, त्यामुळं प्रत्येक वेळी कोल्हापूरची एसटी धरावी लागली नाही. फोलिक ॲसिड लगेच थांबवलं. पँटोप्राझोल बंद केलं. जीभ सुधारल्यावर ‘पित्त’ही राहिलं नाही. मेटफॉर्मिन बंद केलं नाही, डोस निम्मा करून दुसरी गोळी जोडली. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे आणि साखर बिघडली तर नसांना तोही मार बसतोच. कुणी परस्पर सोडू नये. घेणाऱ्यानं वर्षा-दोन वर्षांनी बी-१२ तपासावं, शाकाहारी असेल तर नक्कीच.

‘बी कॉम्प्लेक्स’ का दिलं नाही, असं मुलानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. बी गटात आठ जीवनसत्त्वं आहेत आणि प्रत्येकाची कहाणी वेगळी. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बी-१ अभावी बेरीबेरी होतो. तोंडाचे कोपरे चिरतात ते पुष्कळदा बी-२ किंवा बी-६ कमी पडून. दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्यांत बी-३च्या अभावाचा पेलाग्रा (कातडी काळवंडून सोलवटणारा आजार) दिसायचा, त्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी काम केलं. तालमीतले पैलवान कच्ची अंडी खूप खातात; कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिनला, म्हणजे बी-७ला, धरून ठेवतं, शिजवलं की ते निष्प्रभ होतं. मावशींना यातलं काही नव्हतं. शिवाय नसांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्र गोळ्यांत बी-६ भरपूर असतं, आणि बी-६ फार दिवस फार घेतलं तर त्यानंच मुंग्या आणि बधिरपणा येतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये प्रौढांसाठी बी-६ची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवली. लघवी पिवळीधमक झाली म्हणजे औषध लागलं असं लोक समजतात. तो रंग बाहेर टाकलेल्या बी-२चा.

इंजेक्शनइतकीच काळजी पायांची घ्यावी लागली. बधिर पायात कडक चामड्याची उघडी कोल्हापुरी चप्पल नको. मऊ तळाचा, मागून पट्टा असलेला सँडल घेतला. परसाच्या वाटेवर रात्रभर दिवा. फिजिओथेरपिस्टनं भिंतीला धरून तोल सांभाळायचे व्यायाम शिकवले.

सून

धाकटी सून सोबत यायची, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. लग्नानंतर तिनंही माळ घातली होती. बाळ पूर्ण अंगावर पीत होतं. तिला कसलीच तक्रार नव्हती, हिमोग्लोबिन ११.६. तरी बी-१२ तपासलं : १४८.

इथं मी ढिलाई करू दिली नाही. बी-१२ कमी असलेल्या शाकाहारी आयांच्या अंगावर पिणारी बाळं सुस्त होतात, पेरं काळवंडतात, धरलेली मान सोडतात, हातपाय थरथरतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ मध्येच अशा बाळांचं वर्णन केलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गावातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत मोजलं, तर सुमारे दोनतृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं. पुढं २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की गरोदरपणात ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. फोलेट वर आणि बी-१२ खाली : मावशींच्या बाबतीत गोळीनं जे झालं, तेच चित्र.

बाळ बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. ते हसत होतं, मान पक्की होती, वजन वाढत होतं. सुनेला १००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू केली. एवढ्या मोठ्या डोसचं कारण मी तिला कागदावर काढून दाखवलं : आतड्याची नेहमीची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या पुढं उघडत नाही, पण मोठ्या डोसातला शंभरातला एखादा भाग त्या वाटेशिवायही आत झिरपतो. हजारातले दहा मिळाले तरी गरजेच्या चौपट झाले. आणि दूध तिच्याही वाट्याला, रोज दोन वाट्या, डेअरीला घालण्याआधी काढून. सासूबाईंनीच ते काम अंगावर घेतलं.

पुढं काय झालं

जीभ सगळ्यात आधी, दोन आठवड्यांत सुधारली. महिनाभरानं मावशींनी चटणी मागितल्याचं मुलानं फोन करून सांगितलं. हातांच्या मुंग्या दोन-अडीच महिन्यांत गेल्या. डेअरीचा हिशेब त्या पुन्हा करू लागल्या. तीन महिन्यांनी डोळे मिटून उभं राहता आलं, थोडं डुलत. सहाव्या महिन्यात कंपन नडगीपर्यंत कळू लागलं. आषाढीला नंदवाळला, आमच्याकडच्या प्रतिपंढरपूरला, पायी जायचं म्हणाल्या. निम्म्या वाटेपर्यंत गाडी आणि पुढं चालत, असं ठरवून गेल्या.

नऊ महिन्यांनंतरची स्थिती : हिमोग्लोबिन १२.३, एमसीव्ही ८९, होमोसिस्टीन १४. तळपायाचा अंगठा आता खाली वळतो. घोट्याचा झटका येत नाही, आणि पायाच्या अंगठ्यावर काटा ठेवला तर आजही काही कळत नाही. त्यातला किती वाटा मधुमेहाचा आणि किती उशिराचा, हे आता वेगळं करता येणार नाही. सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिने ते वर्षभरात होते. राहिलेलं बहुधा तसंच राहील, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

माळ आणि मेटफॉर्मिन दोन्ही राहणार, त्यामुळं बी-१२ही आयुष्यभर राहणार. महिन्याचं इंजेक्शन सुरू आहे. पुढच्या तपासणीत आकडे टिकले तर रोजच्या गोळीवर आणायचं ठरलं आहे. पिशवीतल्या त्या जुन्या रिपोर्टची प्रत, आताचे रिपोर्ट आणि एक पत्र मावशींच्या मुलाबरोबर आधीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांचा फोन आला. त्यांच्याकडं मेटफॉर्मिनवर असलेले आणखी किती माळकरी रुग्ण आहेत, त्यांची यादी ते काढतायत.